ब्रेकर कुणाच्या दारासमोर?

जैबुन, भांडण अर्धवट टाकून उठायची तुझी खोड जुनीच. माझा मुद्दा जरा रंगात आला की तुला शेगडीवरचं दूध आठवायचं. 'थांब वं सुनंदा, आलीच मी,' म्हणून जायचीस ते दुसऱ्या दिवशी उगवायचीस, आणि तोंड असं करून, जणू काल आपण दोघी गोडीगुलाबीनं पापड लाटत होतो. यवतमाळच्या दवाखान्यात न्यायला ऑटो आला तेव्हाही बसता बसता तू तेच म्हणालीस. 'आलीच मी.' कावीळच तर आहे, आठवड्यात परत येशील, असं मीही धरून चालले होते. आणि आणलं तुला ते असं. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! मला राग आलाय आणि तो मी गिळणार नाही.

तुझी लेक नसीम पुसदहून आली, रडली, थोडे दिवस राहिली आणि घराला कुलूप लावून गेली. चाळिसाव्याला येते म्हणाली. जाताना तुझं शिलाई मशीन टेम्पोत चढवलं, तेव्हा हात लावायला अख्खी गल्ली धावली. रस्त्यावरच्या एका ब्रेकरसाठी कधी एका जागी न बसलेली माणसं, मशीन उचलायला बघ कशी आली! मी माझ्या गिरणीच्या दारात उभी होते. कुणाचे तरी गहू संपून आतलं जातं नुसतंच फिरत होतं. बाहेरून पोरगी ओरडली, 'काकू, गिरणी बंद करा ना,' तेव्हा मला शुद्ध आली.

या सगळ्याला ते डांबर कारण आहे. किती वर्षं आपण नगरपालिकेकडे रस्ता मागत होतो. पावसाळ्यात गल्लीतून जाताना एक चप्पल पायात आणि एक हातात असायची. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव पडला, पेपरात रोज आपल्या जिल्ह्याचं नाव यायला लागलं, आणि आपलं दुःख बघायला लाल दिव्याच्या गाड्या येऊ लागल्या. कुणातरी मोठ्या साहेबांच्या ताफ्यासाठी आर्णी रोड चकचकीत झाला आणि त्यातलं उरलंसुरलं डांबर आपल्या गल्लीत ओतलं. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. सकाळी उठून बघतो तर रोलर दारात. तेव्हा आपण दोघी किती खूश! चपला काढून तू त्या रस्त्यावर चालून पाहिलंस आणि तळवे भाजले म्हणून नाचलीस. 'गरम हाये, पण आपला हाये,' म्हणालीस.

आपला कसला! जिनिंगवाल्या ट्रकांनी तो कधीच आपला होऊ दिला नाही. मोठ्या रस्त्यावर कापूस खरेदीच्या रांगा लागलेल्या, त्या चुकवून जिनिंगच्या कारखान्याकडे जायला ही गल्ली सोपी, हे ड्रायव्हर लोकांना पहिल्याच हंगामात कळलं. खड्डे होते तोवर बैलगाडीसुद्धा हळू जायची. आता दोन्ही बाजूंनी फुगलेले ट्रक आणि टेम्पो आपल्या पत्र्यांना घासत सुसाट निघाले. लिंबाच्या झाडाला, विजेच्या तारांना कापूस लटकायचा. लेकरांना वाटायचं मजा आहे. खड्डे मागायचे अर्ज असते तर मी पहिला अर्ज केला असता.

आणि मग माझी नात, प्रिया. शाळेच्या बोळातून धावत बाहेर आली आणि गिरणी न् बाबारावांचं चहाचं हॉटेल यांच्या मधोमध टेम्पोच्या चाकाखाली तिचा पाय गेला. टेम्पोवाला बोरी अरबकडचा कुणी कोवळा पोरगा होता. त्यानंच नातीला उचललं, त्यानंच दवाखान्यात नेलं, आणि तिथं माझ्याहून मोठ्यानं रडला. मी त्याला शिव्या देत होते आणि तू त्याला पाणी देत होतीस. तेव्हाही मला तुझा संताप आला होता. पण पायाला प्लास्टर बसल्यावर प्रियाला शाळेची सलवार घालता येईना, तेव्हा तूच ती एका बाजूनं उसवून बंद लावून दिलेस. न मागता. ती सलवार घालून प्रिया पुन्हा शाळेत गेली. मी तुला साधं 'बरं केलंस' एवढंही म्हटलं नाही. आपल्यात कोण म्हणतं असं?

ब्रेकर हवा, यावर गल्लीत दुमत नव्हतं. तो हॉटेल आणि गिरणीच्या मध्ये हवा, कारण तिथंच शाळेचा बोळ येऊन मिळतो, हेही शेंबड्या पोराला कळत होतं. माझी गिरणी एका अंगाला, माझी ना नव्हतीच. दुसऱ्या अंगाला बाबाराव. त्यांना ब्रेकर पाहिजे होता, फक्त थोडा पुढे. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या दारापुढे. ब्रेकर आला की ट्रक हॉटेलापुढं उभे राहणार नाहीत, ड्रायव्हर चहाला उतरणार नाहीत, हे त्यांचं गणित. मंडळाच्या पोरांनी एकदा वैतागून सिमेंट कालवून ब्रेकर केलाच, तर बाबारावांनी लोखंडी सब्बल घेऊन तो वाळायच्या आत उखडून टाकला. मी म्हटलं, आता पोलीस चौकीत चला. तू म्हणालीस, नाही, आधी त्यांचा होकार.

'ज्याच्या दारापुढं टाकाचं, त्याचा हाव पायजे.'

'तू काय कलेक्टर हायेस?' मी म्हटलं. 'लेकरू मेल्यावर तो हाव म्हणन काय?'

'डांबर टाकताना कोणी आपल्याले इचारलं नाही, म्हून तर हे झालं. आता आपण बी तसंच कराचं?'

'हाव, करू! एकदा करू!'

'तुले लय घाई, सुनंदा.'

घाई! नातीच्या पायात सळई घातली होती जैबुन, आणि तू मला घाई म्हणत होतीस.

तुझ्या त्या मीटिंगांनी तर माझा जीव खाल्ला. गिरणीत सावली आहे म्हणून सगळ्या मीटिंगा गिरणीत. 'जरा पट्टा बंद कर वं, आयकू नाही येत' म्हणून तू धंदा थांबवायचीस आणि गिऱ्हाईक डबे घेऊन बाहेर ताटकळायचं. कोणी म्हणायचं झाड लावा, कोणी म्हणायचं पाटी लावा, एका आजोबांना तर गल्लीला दोन्हीकडून फाटकच हवं होतं. तू सगळ्यांचं ऐकायचीस. सगळ्यांचं! एक दिवस तू चक्क एका ट्रक ड्रायव्हरला धरून आणलंस. म्हणे त्याला पण विचारायला पाहिजे, तो रोज इथून जातो. तो बिचारा पिठाच्या डब्यावर अवघडून बसला, सगळ्यांकडे पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, 'बाई, मले तं मालक म्हणते लवकर ये.' त्याच्यासाठी तू चहा सांगितलास, तोही बाबारावांकडूनच.

आणि रोज सकाळी तूही त्याच हॉटेलाच्या बाकावर. चहा प्यायचीस, बाबारावांच्या सुनेचे ब्लाऊज, त्यांच्या पोरांचं जमलेलं न जमलेलं लग्न, सगळ्या गप्पा करायचीस आणि उठून यायचीस. ब्रेकरचं नावसुद्धा काढायची नाहीस. मी गिरणीतून बघत जळायचे. माझ्या गिरणीचं पीठ त्यांच्या दुधात पडतं यावरून माझं आणि बाबारावांचं बोलणं कधीचं बंद. तू तिथं बसलेली दिसलीस की वाटायचं, ही आपली की त्यांची?

'पाय धरतेस काय त्याचे?' मी एकदा विचारलंच.

'शेती बसली त्याची. हे हॉटेल म्हणजे पोट हाये त्याचं. पोटावर येनारी गोष्ट मानूस एका दिवसात कबूल करते काय? होईन थो आपल्या मनानं.'

'कधी होईन?'

'होईन ना वं.'

मग तो पोळा. त्या वर्षी बैलजोड्या थोड्याच होत्या. कितीकांनी बैल विकलेले. पण गल्लीच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं तोरण नेहमीसारखं आडवं बांधलं होतं. त्याच्यापुढं जोड्या उभ्या, झडत्यांची टोमणेबाज गाणी चाललेली, आणि त्यातल्याच एका झडतीत कुणीतरी नगरपालिकेचीही भादरून घेतली. तेवढ्यात मागून एक रिकामा ट्रक आला. आता हा हॉर्न वाजवणार म्हणून मी कानावर हात ठेवले. पण त्यानं इंजिन बंद केलं. ड्रायव्हर खाली उतरला, डोक्याचा रुमाल काढून उभा राहिला. त्याच्यामागं दुसरा थांबला. मानाची जोडी पुढं होऊन तोरण तुटेपर्यंत, पोळा फुटेपर्यंत, एक गाडी हलली नाही. तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की निळं पडलं.

'पाह्यलं काय? ब्रेकर तं हा हाये!'

मी तेव्हाच सांगितलं होतं, हे येडेपण आहे. तोरण वर्षातून एक दिवस असतं म्हणून लोक थांबतात. रोज बांधलं तर ती नुसती दोरी होईल. पण ऐकशील तर जैबुन कसली! शाळेच्या गणवेशाच्या हिरव्या चिंध्या तुझ्याकडे पोत्यानं पडलेल्या. त्यातून तू एक एक पान कापलंस, दुमडून शिवलंस, मधोमध शीर काढलीस आणि जाड दोरीवर ओवलंस. कुणी म्हणालं, जैबुनबी, तोरणाचं तुम्हाले काय? तू मान वर न करता म्हणालीस, 'लेकरं जाते ना आमचे बी.' आमच्याकडे तरी पूजाअर्चा कुठं राहिली होती? बाप बौद्ध झाला, पण दावणीला बैल होते तोवर पोळा चुकला नाही. मी ते पान हातात घेऊन पाहिलं. खरं सांगते, सुंदर होतं. तुला मात्र म्हणाले, 'धुळीनं काळं होईन.'

शाळा सुटायच्या वेळेला तोरण बांधायचं, लेकरं घरी गेली की सोडायचं. एक टोक या बाजूच्या घराकडे, दुसरं समोरच्या घराकडे, आणि रोज नवी जोडी. त्यात तुझा कावा होता, हे मला उशिरा कळलं. आपल्या गल्लीत समोरासमोरची घरं एकमेकांशी बोलतात कुठं? पाण्यावरून, कचऱ्यावरून, कोंबडीवरून सगळ्यांची तोंडं फिरलेली. आता दोरी सारखी ताणायची तर 'थोडं वर घ्या', 'थोडं खाली घ्या' एवढं तरी बोलावं लागे. आमच्या पाळीला बाबारावांनी दुसऱ्याच कुणाला टोक धरायला पाठवलं. मीही पाहिलं नाही तिकडे.

आणि तरीही आपली माणसं ती आपलीच माणसं! तोरण बांधायला कुणी वेळेवर येईना, सोडायला मात्र सगळे हजर. का, तर तोरण तोडायचा मान असतो ना! मान कुणाचा यावरून अशी जुंपली की एकदा तोरण तसंच राहिलं, दोन्हीकडे ट्रकांची रांग, आणि मध्ये आपले लोक कुणाच्या आजोबानं कोणत्या साली पाटलाच्या जोडीआधी तोरण तोडलं होतं याचा न्याय करत बसलेले. मी कपाळावर हात मारून घेतला. तू मात्र हसत सुटलीस. खाली बसून, पोट धरून. मग नियम काढलास की ज्याचं लेकरू सगळ्यात शेवटी घरी पोचेल, त्या घरानं तोरण सोडायचं. त्या दिवसापासून गल्लीतली माणसं दुसऱ्यांची लेकरं मोजायला लागली. 'गजाननची पोरगी आली काय?' 'नाही आली, थांबा.' हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

तुझ्या घरात शाळेत जाणारं लेकरू नव्हतं. म्हणजे ते तोरण सोडायची पाळी तुझ्यावर कधी आलीच नाही. हे मला आत्ता, लिहिताना लक्षात आलं. एखाद्या दिवशी म्हणायला हवं होतं, जैबुन, आज तू सोड. कुणीच म्हटलं नाही.

ड्रायव्हर थांबायचे. कुणी कपाळाला हात लावायचा, कुणी आतल्या आत शिव्या द्यायचा, पण थांबायचे. एकानं मात्र तोडत नेलं. तू रस्त्यावरची पानं गोळा केलीस, धुतलीस, पुन्हा ओवलीस. मी म्हटलं होतं की नाही, दोरी होईल? 'दोरी तं दोरी. हंगाम तं निंगाला,' तू म्हणालीस. आणि खरंच, तो अख्खा हंगाम गल्लीत एकाही लेकराला खरचटलं नाही. त्याचं श्रेय मी तुला दिलं नाही. आज देते. घे.

तोरणाची तक्रार झाली, नगरपालिकेचा माणूस आला. त्यालाही तू चहा पाजलास, आणि तो जाताना पक्क्या ब्रेकरचा अर्ज तुझ्याकडून घेऊन गेला. पाऊस सरता सरता मंजुरी आली. एकच ब्रेकर, जागा गल्लीनं एकमतानं सांगायची. मी म्हटलं, आता तरी ठणकाव बाबारावांना. तू पुन्हा आपली घरोघर विचारत फिरायला निघालीस. डोळे पिवळे झालेले, पायऱ्या चढताना धाप लागलेली. 'आराम कर, मरशील,' मी ओरडले. असं बोलू नये, बोलले. त्यावरूनच आपलं शेवटचं भांडण. तू म्हणत होतीस, एकच घर राहिलं आहे, तेही होईल. मी म्हणत होते, तू गेलीस तरी ते घर हो म्हणणार नाही. तेवढ्यात ऑटो आला.

आता काल काय झालं ते ऐक. कापूस फुटला आहे, ट्रक सुरू झालेत. नगरपालिकेचा माणूस आला, म्हणाला, 'जागा सांगा, नाही तर ब्रेकर दुसऱ्या वॉर्डात जाते.' हॉटेलाच्या बाकांवर सगळे जमले. कुणीतरी म्हणालं, 'जैबुनबीच्या दारापुढं टाका. घर बंदच हाये, कोणाची ना नाही.' आणि जैबुन, सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी! बाबाराव सगळ्यात आधी. ज्या एकमतासाठी तू चपला झिजवल्यास, ते तुझ्या कुलपावर एका मिनिटात झालं. तुझं घर गल्लीच्या पार टोकाला, वळणावर. तिथं ट्रक आधीच हळू होतो, आणि तिकडून शाळेचं एक लेकरू जात नाही. तू स्वतः पहिल्या मीटिंगमध्ये तुझं दार देऊ केलं होतंस, तेव्हा हेच लोक हसले होते.

मी उठले. मला वाटलं मी शिव्या देणार. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

'त्या घराले इचारलं काय?'

'मेलेल्या बाईले काय इचारता?'

'तिची पोरगी हाये ना पुसदले. नसीमले इचारलं काय? ज्याच्या दारापुढं टाकाचं, त्याचा हाव पायजे.'

'काकू, जाऊ द्या ना, साहेब थांबले हायेत.'

मी नाही जाऊ दिलं. एकेकाच्या पुढं जाऊन उभी राहिले. तुमची पोरगी कुठून जाते? तुमची नात कुठून जाते? तिथं ब्रेकर कायले पाहिजे, सांगा. सांगा ना. मी ऐकते. साहेबांनाही विचारलं. बाहेर थांबलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला आत बोलावलं, बाकावर बसवलं आणि त्यालाही विचारलं, बाबा, तू कुठं हळू होतोस न् कुठं पळवतोस? त्याला चहा सांगितला. वर्षानुवर्षं न बोललेल्या बाबारावांना सांगितला, 'एक चहा द्या, साखर कमी.' लोक कंटाळले, जांभया द्यायला लागले, साहेब घड्याळ बघू लागले. कुणी म्हणालं, ह्या बाईला घरी न्या. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

शेवटी बाबारावांनी हातातली गाळणी आपटली.

'टाका बाप्पा! टाका माह्याच हॉटेलापुढं, आत्ता टाका! पण हिले कोणी चूप करा. डोकं खाऊन राह्यली नुसती. जैबुन मेली असं वाटूनच नाही राह्यलं!'

साहेबांनी जागा लिहून घेतली. बाबाराव पाठ फिरवून शेगडीशी उभे राहिले, आणि त्यांची पाठ हलत होती.

मी गिरणीत आले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पट्टा सुरू केला, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडले.